आजी असं बघते

बालवर्गात आजी-आजोबांसाठी भेटवस्तू करायच्या असल्या की वर्गाचा नूरच बदलतो. एरवी पाच मिनिटं एका जागी न बसणारी मुलंसुद्धा मान खाली घालून कामाला लागतात. कुणासाठी करायचं आहे ते त्यांना पक्कं माहीत असतं.

त्या दिवशी बोटांच्या ठशांची कार्डं चालली होती. शाईच्या गादीवर बोट टेकवायचं, कागदावर उमटवायचं आणि त्या ठशाला पंख, शेपटी, पाय काढायचे. या वयाला हे काम जमतं. पेन्सिल तीन बोटांत धरण्याची पकड अनेकांची अजून बसलेली नसते, पण बोट दाबणं सगळ्यांना येतं. शिवाय बोटांवरच्या त्या रेषा आईच्या पोटात असतानाच तयार होतात, प्रत्येकाच्या वेगळ्या असतात आणि जन्मभर तशाच राहतात. नाव लिहिता न येणाऱ्या मुलाची ती सहीच म्हणायची.

साडेचार वर्षांचा एक मुलगा कार्ड पुरं करून डोळे गच्च मिटून बसला होता. कार्डावरून बोटं फिरवत होता, आधी पुढून, मग मागून. शाई वाळली का ते बघत असेल असं वाटून मी जवळ गेले.

"ताई, यात काहीच नाहीये."

"अरे, एवढी फुलपाखरं काढलीस की!"

"पण ती लागत नाहीत हाताला. माझी आजी असं बघते."

आणि त्याने पुन्हा डोळे मिटून मला दाखवलं, आजी कशी बघते ते. सावकाश, चारही बोटांनी, कडेपासून मध्यापर्यंत.

पुढे घ्यायला आलेल्या त्याच्या आईकडून कळलं की आजीच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग खराब झाला आहे. या दुखण्यात कडेचं थोडंफार दिसत राहतं, पण नेमकं ज्याच्याकडे बघावं तेच धूसर होतं. समोरच्याचा चेहराही. घरात हे मुलाला कुणी बसवून समजावलेलं नव्हतं. त्याने आजीच्या हातांकडे बघून स्वतःच ओळखलं होतं.

मी सामानाची पेटी त्याच्यापुढे ठेवली. खरखरीत कागद त्याने गालाला लावून पाहिला. "आजीला टोचेल." कापूस आवडला, पण थोडा वेळ हातात धरून तोही परत ठेवला. "हे माझं नाहीये." लोकर, बटणं, पुठ्ठ्याच्या पट्ट्या, सगळं असंच बाजूला गेलं. मग मी विचारलं, आजी तुला कसं ओळखते? तो म्हणाला, "हात धरते. मग म्हणते, आला का माझा राजा!"

म्हणजे हातच द्यायचा.

मिठाच्या पिठाचा ठसा आम्ही याआधीही केला होता, पण शोभेची वस्तू म्हणून. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि एक वाटीच्या आतबाहेर पाणी, तेही थोडं थोडं घालत. गोळा हाताला चिकटेनासा होईपर्यंत चांगला मळायचा. मुलांच्या बोटाला ओरखडा असेल तर मीठ झोंबतं, म्हणून आधी सगळ्यांचे हात बघून घ्यावेत. आणि हे पीठ चुकूनही तोंडात जाऊ देऊ नये. त्यात इतकं मीठ असतं की लहान मुलाला किंवा घरच्या कुत्र्याला त्याने गंभीर त्रास होऊ शकतो.

एक सेंटिमीटर जाडीची चकती लाटली. त्याने हात ठेवला, उचलला, डोळे मिटून तपासलं आणि चकती मोडून टाकली. मधे काहीच नव्हतं. लहान मुलाच्या तळव्याचा मधला भाग नुसता हात ठेवून टेकत नाही, पालथ्या हातावर हलका दाब द्यावा लागतो. मी हात पुढे केला तर म्हणाला, "ताई, तू नको." स्वतःचा दुसरा हात वर ठेवून तो उभा राहिला आणि अंगाचा सगळा भार टाकला. अंगठा जरा जास्तच खोल गेला, करंगळी सरकली. मी काही सारखं केलं नाही.

या बाबतीत माझं मत ठाम आहे. तयार तुकडे चिकटवून झालेलं, मोठ्यांनी कडा कापून नीट केलेलं काम दिसायला सुबक असतं, पण त्यातलं मूल निघून गेलेलं असतं. चार वर्षांचं मूल माणूस काढतं तेव्हा डोक्यालाच थेट पाय फुटतात, पोट नसतंच. असे आजोबा ते फार तर वर्ष-दीड वर्ष काढेल. पोट काढायला शिकवण्याची घाई कशाला?

डोळे मिटून बघण्याचा प्रकार तोवर वर्गभर पसरला होता आणि मुलं आपापल्या आजी-आजोबांविषयी बोलू लागली. एकीचे आजोबा निळा आणि जांभळा यांत गोंधळतात. वयाबरोबर डोळ्याचं भिंग पिवळट होत जातं, तेव्हा या रंगांतला फरक आधी जातो. तिने पिवळ्या कागदावर काळ्या जाड रेघांनी चित्र काढलं. एकाची आजी दूर राहते. त्याला जमिनीवर हात पसरून निजवलं, एका मधल्या बोटापासून दुसऱ्यापर्यंत कागदाची पट्टी कापली आणि दोन्ही टोकांना त्याच्या पंज्यांचे आकार चिकटवले. ही मिठी घडी घालून पाकिटात मावते. आजीला ती गळ्याभोवती घेता येते. जिचे आजी-आजोबा दोन्हीकडचे नाहीत अशी एक मुलगी वर्गात आहे. तिने शेजारच्या काकांसाठी केलं आणि ते कुणालाही सांगावं लागलं नाही.

ठसे शंभर अंशांच्या ओव्हनमध्ये तीन तास ठेवले. आच वाढवून घाई केली तर पीठ फुगतं, तडकतं आणि नेमक्या बारीक रेषाच जातात.

भेटीच्या दिवशी त्या आजी आल्या. नातवाने चकती त्यांच्या मांडीवर ठेवली आणि काही न सांगता समोर उभा राहिला. त्यांची बोटं कडेवरून आत आली, खळग्यात थांबली. मग त्या हसून म्हणाल्या, "अंगठा केवढा रुतलाय रे हा!"

"मी दाबला. ताईने नाही," तो अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला.

काही आठवड्यांनी त्याची आई सांगायला आली की चकतीच्या कडा मऊ पडू लागल्या आहेत. आजी ती दिवसातून कितीदा तरी हातात घेतात, आणि मीठ हवेतला, घामाचा ओलावा ओढून घेतं. शोभेच्या ठशाला एक हात वॉर्निश पुरतं, रोजच्या हाताळणीला नाही. आम्ही ती पुन्हा मंद आचेवर सुकवली, पूर्ण गार झाल्यावर पुढून-मागून आणि कडांनाही दोन हात वॉर्निश दिलं. मुलगा शेजारी उभा राहून सगळं बघत होता. उजवा हात राहिलाय, तो कधी करायचा, असं त्याने विचारलं. शुक्रवारी पीठ मळायचं ठरलं आहे.