नासूच्या खिंडीतून परत फिरलो त्या दिवशी

टोकियोतले चार दिवस गर्दीत आणि मेट्रोत गेले, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. मला लिहायचंय ते नासूबद्दल, टोकियोच्या उत्तरेकडच्या ज्वालामुखी डोंगरांबद्दल.

जपानचं ठरलं तेव्हाच मी मैत्रिणीला सांगून ठेवलं होतं की फुजी नाही दिसला तरी चालेल पण नासूतल्या चौसुदाकेला जायचंच, १९१५ मीटरचा जिवंत ज्वालामुखी, कारण दहा वर्षांच्या असताना जुंको ताबेई शाळेच्या शिक्षकांसोबत आयुष्यातला पहिला डोंगर चढल्या तो इथे. मिहारू गावातली किरकोळ अंगाची मुलगी, सगळे तिला अशक्तच समजायचे. तीच पुढे १६ मे १९७५ ला एव्हरेस्टवर पोचली, जगातली पहिली बाई.

शिनकानसेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं, नासुशिओबारा स्टेशन, पुढे बस. वर पोचलो तर वाऱ्यामुळे रोपवे बंद, बसमधले बरेच जण तिथूनच मागे फिरले. आम्ही चालत निघालो. थोडी झाडी, मग झाडं संपतात आणि नुसता उघडा दगड, गंधकाचा उग्र वास, समोर तांबूस आसाहिदाके शिखर. डोंगर म्हणजे हिरवागार असंच वाटणाऱ्या त्या मुलीला हे बघून किती नवल वाटलं असेल!

मिने-नो-चायाच्या खिंडीत मात्र वाऱ्यानं उभंच राहू देईना. झोपडीच्या आडोशाला सात-आठ जपानी बायका बसल्या होत्या, सगळ्या साठी-सत्तरीच्या. एकीनं माझी बाही धरून मला खाली बसवलं, हनुवटीखाली टोपीचा पट्टा आवळून दिला आणि शिखराकडे बोट दाखवून मान हलवली, नाही. त्याही परत चालल्या होत्या. मला रडूच आलं, इतक्या लांबून येऊन शिखर तासाभरावर राहिलं म्हणून.

तिथे बसल्या बसल्या ताबेईच आठवत होत्या. एव्हरेस्टसाठी पैसे मागायला गेल्या तर घरी बसून मुलं सांभाळा असं ऐकावं लागलं, मग पियानो शिकवून पैसे जमवले, गाडीच्या सीट कव्हरचे हातमोजे शिवले. वर ४ मेला हिमस्खलनात गाडल्या गेल्या, शेर्पांनी ओढून बाहेर काढलं आणि बारा दिवसांनी शिखर. आणि आपल्याकडे त्यांच्याबद्दल एकच ओळ माहीत असते, पहिली महिला, बस्स. मला याचा खरंच राग येतो. त्या स्वतः म्हणायच्या की मला एव्हरेस्ट चढलेली ३६ वी व्यक्ती म्हणा. नंतर साठीला आल्यावर त्यांनी एव्हरेस्टवरच्या कचऱ्याचा अभ्यास करून विद्यापीठाची पदवी घेतली, हे कोण सांगतं?

पण त्या वाऱ्यात मला सगळ्यात जवळचं वाटलं ते २०१६ सालचं. कॅन्सर झालेला, वय ७६, आणि जुलैत त्या २०११ च्या भूकंपात होरपळलेल्या भागातल्या शाळकरी मुलांना घेऊन फुजीवर गेल्या. स्वतः शिखरापर्यंत गेल्या नाहीत, वाटेतच थांबल्या, मुलांना पुढे पाठवलं. ऑक्टोबरमध्ये त्या वारल्याच.

आम्ही त्या बायकांच्या मागून उतरलो. त्यांची चाल फार हळू होती, पण वाटेत एकदाही कुणी थांबलं नाही, आणि मैत्रीण आणि मी दोघी भरभर उतरायच्या सवयीच्या असूनही त्यांना ओलांडून पुढे जावंसं आम्हाला वाटलंच नाही. बसस्टॉपवर आल्यावर पट्टा आवळून देणाऱ्या आजींना मी नुसतं 'ताबेई जुंको' म्हटलं. त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि बस येईपर्यंत सोडला नाही.