दुपारची पिशवी

आमच्याकडे दुपारी दोनला पंखा बंद होतो. मे महिन्यातला रत्नागिरीचा उकाडा असला तरी पंखा बंद, खिडक्या बंद, तोंडाला मास्क. ह्यांच्या पोटातलं पाणी बदलायची ती वेळ. दिवसातून ४ वेळा, दर वेळी २ लिटर. सीएपीडी असं भारदस्त नाव आहे त्याला, म्हणजे किडन्या काम करेनाशा झाल्या की पोटातून घरीच करायचं डायलिसिस. आम्ही नुसतं 'पिशवी' म्हणतो. दिवाणाखाली, कपाटावर, देवघराच्या शेजारी, सगळीकडे पिशव्यांची खोकी. उतरलेल्या पाण्याबरोबर प्रथिनंही वाहून जातात, म्हणून ज्या स्वयंपाकघरात कधी अंडं आलं नव्हतं तिथे आता रोज दोन उकडतात. सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या कोण जाणे.

उतरलेली पिशवी मी पेपरावर ठेवते. खालची अक्षरं वाचता आली की पाणी स्वच्छ. गेल्या श्रावणात शब्दकोड्याचे चौकोनच दिसेनात. पाणी तांदळाच्या धुवणासारखं गढूळ. पोटात जंतुसंसर्ग झाला होता. पुढे दोन आठवडे अँटिबायोटिक पिशवीतूनच पोटात.

तेव्हापासून मी पोलीस झाले. हात नीट धुतलेत का? नळीला नवी टोपी लावलीत ना? एकदा हे वैतागलेच, "अगं, उभ्या जन्मात एसटीची इंजिनं उघडली मी. एक नळी जोडता येत नाही होय मला?" मी हलले नाही. रात्रीही दोनदा उठून बघायची, नळी कुठे दबली तर नाही ना.

मग तपासणीला गेलो तेव्हा सिस्टरनी विचारलं, "झोप कशी आहे?"

म्हटलं, "बरी लागते ह्यांना."

"तुमची विचारतेय, काकू."

मला उत्तरच सुचेना. हेच म्हणाले, "ती झोपतच नाही हो. पहारा देते."

घरी येताना रिक्षात ठरलं: दुपारची पिशवी ह्यांची एकट्याची. मी घरात थांबायचं नाही. पहिल्या दिवशी जिन्यात बसून घड्याळच बघत होते. आता खालच्या वहिनींकडे जाते, कोकमं निवडायला बसते, कधी तिथेच भिंतीला टेकून डोळा लागतो.

काल असाच लागला, चांगला तासभर. धावत वर आले तर हे पेपर वाचत बसलेले. नोंदवहीत त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: 'आत २०००, बाहेर २२००. पाणी स्वच्छ. चहा नाही.'