पावतीपुस्तकात नसलेली पोरं

वीस वर्षं मी आमच्या युनियनचा कोषाध्यक्ष. दर महिन्याच्या दहा तारखेला नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या कारखान्याच्या गेटवर टेबल टाकायचं, कार्बन लावून पावती फाडायची, रजिस्टरात नाव चढवायचं. आणि सभेत एकच रड: तरुण पोरं युनियनमध्ये येत नाहीत, त्यांना मोबाईलशिवाय काही सुचत नाही. असं म्हणणाऱ्यांत मी पहिला.

दोन-तीन वर्षांपूर्वीचा मे महिना, नव्या कामगार संहिता लागू व्हायच्या आधीचा. अडीचची पाळी सुटत होती. दुपट्टा बांधूनही कान भाजत होते. पॅकिंगमधली एक पोरगी टेबलापाशी आली. वय बावीस-तेवीस, ठेकेदाराकडची. तिनं मोबाईल माझ्यासमोर धरला.

"काका, हे पाहा बरं. स्लिपवर पीएफ कापला, अन् पासबुकात तीन महिन्यांचं काहीच नाही."

चष्मा चढवला. मूळ पगाराच्या 12 टक्के कपात स्लिपवर बरोबर होती; पासबुक डिसेंबरनंतर कोरं.

"ठेकेदाराले विचारलं काय?"

"विचारलं. तो म्हणते, उद्यापासून येऊ नको."

मग तिनं दुसरी फाईल उघडली. अशाच 74 जणांची यादी. नाव, यूएएन म्हणजे पीएफचा नंबर, कोणत्या महिन्याचा भरणा नाही, शेजारी स्लिपचा फोटो. पोरांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, नाव 'डबा'. सुपरवायझरच्या नजरेला पडला तरी जेवणाचा वाटावा म्हणून. चार रात्रींत त्यांनी ही यादी केली होती. आमची सभासद यादी टाइप व्हायला आदल्या वर्षी दोन महिने लागले होते, आणि तीत वारलेली दोन माणसं निघाली होती.

"मग आधी आमच्याकडे काहून नाही आली?"

"आली होती न काका. तुम्हीच म्हटलं, ही युनियन कायम कामगारांची आहे."

आठवलं. म्हटलं होतं.

संध्याकाळी गणेशपेठेतल्या खोलीवर युनियनची घटना काढून बसलो. कलम चार: 'कंपनीच्या हजेरीपटावरील कायम कामगार'. 1926 चा ट्रेड युनियन कायदा तर पंधरा वर्षं पूर्ण झालेल्याला सभासद होऊ देत होता. पोरांना कायद्यानं अडवलं नव्हतं, आम्हीच अडवलं होतं. माझे बाबा एम्प्रेस मिलमध्ये सहा वर्षं बदली कामगार होते. सकाळी गेटवर उभं राहायचं, कोणी गैरहजर असलं तर आत. त्या काळातली त्यांची युनियनची पावती अजून आमच्या पेटीत आहे. टाटांनी 1877 मध्ये सुरू केलेल्या त्या मिलच्या जागी आता मॉल आहे, पोरं तिथं सिनेमाला जातात. बदलीवाल्याच्या पोरानं ठेकेदाराच्या पोरीला परत पाठवलं होतं, हे मात्र त्या रात्री फार टोचलं.

दुसऱ्या दिवशी पत्र केलं. ठेकेदारानं पीएफ भरला नाही तर जबाबदारी मूळ मालकाचीही असते, योजनेतच तसं आहे. त्यामुळे पत्र कंपनीला, प्रत तुकडोजी चौकातल्या पीएफ कार्यालयाला, सोबत त्या पोरीची यादी जशीच्या तशी. मजकूर मी हातानं लिहिला, टाइप तिनं मोबाईलवर केला. माझी दोन लांबलचक वाक्यं तिनं न विचारता उडवली. पत्र सुधारलं, हे कबूल करायला मला दोन दिवस लागले.

अध्यक्ष भडकले. "ठेकेदाराच्या पोरांसाठी आपण कंपनीशी वाकडं घ्यायचं?" तरी सही केली. नऊ दिवसांत दोन महिन्यांचा भरणा पासबुकात दिसला, तिसरा आणखी एका पत्रानंतर. पोरीला कामावरून काढलं नाही. 74 जणांची नावं एकाच कागदावर असताना एकीला काढणं सोपं नव्हतं.

मला 'डबा'मध्ये घेतलं. पहिलाच मेसेज: "काका, गुड मॉर्निंगचे फुलं टाकायचे नाही."

कलम चार बदलायला ऑगस्टमध्ये खास सभा झाली. बाजूनं 41, विरोधात 19. माझ्यासोबत त्याच पाळीत लागलेला, वीस वर्षं एका डब्यात जेवलेला मित्र त्या 19 मध्ये होता. "उद्या हेच पोट्टे आपल्याला खुर्चीवरून उठवतील," तो म्हणाला. पुढच्या निवडणुकीत कोषाध्यक्षपदासाठी त्या पोरीनं अर्ज भरला. माझ्याविरुद्ध. सूचक म्हणून सही मीच केली.