पुराकडं बघत बसलो आणि तळं आतनं गेलं

आमचं तळं पलूस तालुक्यात, वीस गुंठ्याचं, मातीचं. माळाला आहे, त्यामुळं २०१९ च्या महापुरातबी कृष्णेचं पाणी तिथवर आलं नव्हतं. म्हणूनच मी तिथं माशांचा धंदा सुरू केला, रिस्क म्हणजे पूर एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

ऑगस्ट २०२० ला रोहू, कटला, मृगळची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडली. हिशोबानं हेक्टरी आठ-दहा हजार म्हणजे आमच्या तळ्याला दोन हजार लई झाली, पण बीजवाला म्हणाला थोडी मरतातच, जास्त टाका, आणि मी साडेतीन हजार टाकली. मेलीच नाहीत हो! शेंगपेंड आणि भाताचा कोंडा खाऊन जुलैपर्यंत कटला किलोला आला. आखाडात विकायचं ठरलेलं, कारण एकदा श्रावण लागला की आपल्याकडं मासा कोण विचारतंय.

आणि नेमका जुलै २०२१ चा पूर. मी दिवसभर मोबाईलवर सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळी बघतोय, ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, आता कोयनेतनं किती सोडलं, असलंच सगळं. तळ्यात पुराचं टिपूस आलं नाही. पण लाईट गेली ती गेलीच, पाण्यात हवा मिसळणारा एरेटर बंद, रस्ते बंद म्हणून व्यापाऱ्याची गाडी येईना. वर मी शहाण्यानं, पावसात भुकेले राहतील म्हणून पेंड रोजच्यापेक्षा जास्तच टाकली.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला आण्णांनी हाक मारली, "अरे तळं वाजतंय." बॅटरी मारली तर सगळ्या तळ्यावर तोंडंच तोंडं, चप-चप-चप असा आवाज, जनावरं कडबा खातात तसा. कटला एका कुशीवर झालेले. आभाळ असलं की पाण्यातलं शेवाळ ऑक्सिजन फारसा बनवत नाही, रात्री उलट तेच ओढून घेतं, त्यात खाली पेंड कुजलेली आणि मासा पावणेदोनपट, म्हणजे पहाटेला पाण्यात जीव उरतच नाही. हे मला नंतर नीट कळलं, त्या वेळी मी नुसता बांधावर पळत होतो.

शेजारच्या तात्यांचं डिझेल इंजिन ओढून आणलं. मी विहिरीचं पाणी सोडायला निघालो तर तात्या म्हणाले खुळा आहेस का, त्या पाण्यात तरी कुठं हवा आहे, तळ्याचंच पाणी उचल आणि पत्र्यावर आपट. तसं केलं, पाणी फुटून पडायला लागल्यावर मासे हळूहळू त्या बाजूला सरकले. इंजिन उन्हं येईपर्यंत चालवलं आणि पुढच्या तिन्ही रात्री चालवलं, खाणं पूर्ण बंद. तरी चारशेच्या वर कटले गेले, मोठे मोठे आधी. चुना टाकून खड्ड्यात पुरले, आई तिकडं आलीच नाही.

आता दोन हजारच्या वर एकबी सोडत नाही, मासा पाऊण किलोचा झाला की थोडा काढून विकतो म्हणजे तळं हलकं होतं. पेंड गोणीत भरून, भोकं पाडून काठीला बांधतो, जेवढी खातील तेवढीच टाकायची, ढग असले की तीबी नाही. मासे खाणाऱ्या पाणकावळ्याला अडवायला दोऱ्या बांधल्यात, त्याचा उपयोग मला तरी फार वाटत नाही, पाहुणे आले की दाखवायला बरं.

सेकंडहँड जनरेटरपण घेतला. परवा रात्री लाईट गेली, ऐटीत बटण दाबलं, चालू होईना. डिझेल पोरानं ट्रॅक्टरमधे ओतलेलं. परत तात्यांचंच इंजिन.