इंग्रज जिंकले, मग पाँडिचेरी फ्रेंचांची कशी?

घरी पाहुणे आले की समुद्राकाठच्या पहिल्याच फेरफटक्यात हा प्रश्न येतो. "शाळेत तर शिकलो, कर्नाटकातल्या युद्धांत इंग्रज जिंकले आणि फ्रेंच संपले. मग हे गाव १९५४ पर्यंत फ्रेंचांकडे कसं?" आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

इंग्रजांना गाव नको होतं, कर्नाटकाचा नवाब आपल्या हातातला हवा होता. (हे कर्नाटक म्हणजे अर्काटच्या नवाबाचा तमिळ मुलूख, बंगळूरकडचं नव्हे.) एवढंच उत्तर पुरेसं असेल, तर इथे थांबलात तरी चालेल.

मुळात तुम्ही फोटो काढता ते पिवळ्या भिंतींचं गाव डुप्लेचं नाहीच. डुप्ले इथे १७४२ ते १७५४ फ्रेंचांचा गव्हर्नर होता. समुद्राजवळ त्याचा पुतळा आहे, त्याची पाँडिचेरी मात्र उरलेली नाही. जानेवारी १७६० मध्ये वांदिवाशला इंग्रज सेनापती आयर कूटनं फ्रेंच सेनापती लालीचा पराभव केला आणि पुढे पाँडिचेरीला वेढा घातला. गावात धान्य संपत आलं, तेव्हा लालीनं सुमारे १४०० देशी रहिवाशांना वेशीबाहेर काढलं. इंग्रज त्यांना पुढे जाऊ देईनात, फ्रेंच परत आत घेईनात. कितीतरी दिवस ही माणसं दोन्ही फौजांच्या मधल्या पट्ट्यात मुळं खणून खात राहिली. युद्धाचे नकाशे बघताना मला आधी हा पट्टा आठवतो. आनंदरंग पिळ्ळे हे डुप्लेचे दुभाषी. पंचवीस वर्षं ते तमिळमध्ये रोजनिशी लिहीत होते. गाव पडायच्या चारच दिवस आधी ते वारले. १६ जानेवारी १७६१ ला इंग्रज आत शिरले. पानिपतानंतर दोनच दिवसांनी! पुण्याला पानिपताची बातमीसुद्धा अजून पोचली नव्हती.

मग इंग्रजांनी तटबंदी, किल्ला, गव्हर्नरचा वाडा, सगळं पाडलं. १७५८ मध्ये लालीनं त्यांचा कडलूरजवळचा सेंट डेव्हिड किल्ला उद्ध्वस्त केला होता, त्याचा हा वचपा. १७६३ च्या पॅरिसच्या तहानं फ्रेंचांना गाव परत मिळालं ते असं, ढिगाऱ्याच्या रूपात. १७६५ मध्ये ताबा आल्यावर फ्रेंच गव्हर्नर लॉ द लोरिस्तँ यानं जुन्याच रस्त्यांच्या आखणीवर ते पुन्हा उभं केलं. लालीला मात्र १७६६ मध्ये पॅरिसला शिरच्छेदाची शिक्षा झाली.

त्याच तहाच्या अकराव्या कलमात खरी मेख आहे. वखारी परत, पण १७४९ च्या सुरुवातीला होत्या तेवढ्याच. बंगालच्या सुभ्यात फ्रेंचांनी फौज ठेवायची नाही, तटबंदी बांधायची नाही. आणि कर्नाटकाचा नवाब म्हणून इंग्रजांच्या महंमद अलीला मान्यता द्यायची. (हे कर्नाटक म्हणजे अर्काटच्या नवाबाचा तमिळ मुलूख, बंगळूरकडचं नव्हे.) दख्खनचा सुभेदार म्हणून सलाबतजंगाचं नाव घातलं होतं. त्याला त्याच्या भावानं आदल्या वर्षीच कैदेत टाकलं होतं. पॅरिसला बसून दख्खनची वाटणी करणाऱ्यांना हे ठाऊक नसावं!

या नवाबीसाठीच तर सगळं पेटलं होतं. दुसरा दावेदार चंदासाहेब याला १७४१ मध्ये रघूजी भोसल्यांनी त्रिचनापल्लीत पकडलं आणि पुढे तो साताऱ्याला कैदेत होता. १७४८ मध्ये सुटून तो डुप्लेच्या आधारानं परत आला. १७५१ मध्ये अर्काटच्या वेढ्यात इंग्रजांचा क्लाइव्ह अडकला, तेव्हा त्याच्या मदतीला निघाले ते गुत्तीचे मुरारराव घोरपडे. पुढच्या वर्षी चंदासाहेब शरण आला तो इंग्रजांच्या बाजूनं लढणाऱ्या तंजावरच्या मराठी सेनापतीला, आणि त्यांच्याच छावणीत त्याचं डोकं उडवलं गेलं. "फ्रेंच-इंग्रज युद्धाशी आपला काय संबंध?" असं कोणी म्हटलं की मी एवढं सांगते.

युद्ध जिंकलेल्या नवाबाचं, महंमद अलीचं, काय झालं? युद्धाचा खर्च इंग्रजांनी त्याच्याच नावावर मांडला. तो फेडायला त्यानं मद्रासेतल्या कंपनीच्याच नोकरांकडून जबर व्याजानं पैसे काढले आणि एकेका जिल्ह्याचा वसूल त्यांना तोडून दिला. तरी भागेना, म्हणून त्याचा डोळा तंजावरवर. १७७३ मध्ये इंग्रज फौजेनं त्याच्यासाठी तंजावर घेतलं, तिथले मराठे राजे तुळजाजी कैदेत पडले. १७७६ मध्ये राज्य परत मिळालं, पण १७९९ मध्ये सरफोजीराजांकडे किल्ला आणि तनखा तेवढा उरला. १८०१ मध्ये अर्काटचा मुलूखही कंपनीनं घेतला. इंग्रजांच्या बाजूनं लढलेले दोघेही असे बुडाले.

पाँडिचेरी इंग्रजांनी नंतरही घेतली, परत दिली, पुन्हा घेतली. १८१४ च्या तहानं शेवटची परत केली तेव्हा अट होती: तटबंदी नाही, आणि शिपाई बंदोबस्तापुरतेच. अशा गावाची भीती कोणाला? शेजारचा सगळा मुलूख इंग्रजांचा. फ्रेंचांनी खुशाल शाळा काढाव्यात, कोर्टं चालवावीत. तंजावरचं उरलंसुरलं राज्य १८५५ मध्ये औरस वारस नाही म्हणून खालसा झालं. पाँडिचेरीवर फ्रेंच झेंडा त्यानंतर आणखी ९९ वर्षं होता.