टू बीएचके, पण जहाजावरचा

क्रूझवर कुटुंबासाठी दोन बेडरूमचा स्वीट घेताय? ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या टू बीएचकेचा हिशेब तिथे चालत नाही. आधी डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा, उघडा. दुसऱ्या बेडरूमला खिडकी आहे का बघा. काही जहाजांवर ती आतली, जेमतेम पलंगापुरती असते. मुलं सोळा-सतराची असतील तर बाथरूम दोन हवीतच. पलंग डबल की वेगळे होणारे, हे लेखी विचारा. भाऊ-बहीण असतील तर एकाच्या वाट्याला हॉलमधला सोफा-कम-बेड येतो, म्हणजे तो झोपला की आई-बाबांचा हॉल बंद! स्वीटच्या बरोबर वरच्या डेकवर स्विमिंग पूल नको, पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज थेट डोक्यावर येतो. आणि पैसे भरण्याआधी मधे दार असलेल्या दोन बाल्कनी केबिनचा दर मागवाच. पुष्कळदा स्वस्त पडतात, बाथरूमही आपोआप दोन. फक्त ‘शेजारच्या’ केबिन म्हणजे मधल्या दाराने जोडलेल्या नव्हेत. बुकिंगमध्ये घोळ होतो तो इथेच.