भरलेला परत येणारा डबा

मंगळवारी दुपारी पावणेतीनला माझे एक मधुमेही पेशंट आत आले तेव्हा हातात डब्याची पिशवी होती आणि कपाळावर घाम. पिशवी मीच, त्यांच्या आहारतज्ज्ञाने, मागवली होती. आदल्या आठवड्यात त्यांच्या पत्नीचा फोन आला होता, "मॅडम, ह्यांचा डबा रोज जसाच्या तसा परत येतोय. विचारलं तर म्हणतात, भूकच नाही." म्हणून निरोप दिला होता की ऑफिसातून थेट या, डबा आहे तसा घेऊन या, उरलेलं फेकू नका. घाम मात्र खटकला. बाहेर धो धो पाऊस, खोलीत एसी, आणि हे रुमालाने मान पुसतायत. भूक मारणारं ते मधुमेहाचं आठवड्याचं इंजेक्शन कोणत्या वारी घेता, एवढंच विचारलं, तर उत्तर यायला वेळ लागला.

ग्लुकोमीटर लावला. ५८.

सोबत आलेल्या पत्नीने लगेच पर्समधून क्रीमची बिस्किटं काढली. त्यांना थांबवलं. ७० च्या खाली आलेली साखर वर काढायची तर काहीतरी पातळ आणि नुसतं गोड लागतं. बिस्किटातल्या तुपा-तेलाने ती रक्तात पोचायला उशीर होतो. आणि या माणसाचं जठर त्या इंजेक्शनामुळे आधीच सावकाश रिकामं होत होतं. कपभर पाण्यात १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर दिली. १५ मिनिटांनी ६६. पुन्हा १५ ग्रॅम. त्यानंतरच्या १५ मिनिटांनी ९१. मग त्यांच्याच डब्यातलं वरण आणि अर्धी पोळी समोर बसवून खायला लावली, नाहीतर तासाभरात आकडा परत घसरला असता.

वय ४९, मधुमेह नऊ वर्षांचा. चार महिन्यांपूर्वी सेमाग्लुटाइडचं आठवड्याचं इंजेक्शन सुरू झालेलं: ०.२५ मिलिग्रॅम चार आठवडे, मग ०.५, आणि तीन आठवड्यांपूर्वी १. वजन १०१ वरून ९२. सगळे खूश. फक्त सकाळची ग्लिमेपिराइडची २ मिलिग्रॅमची गोळी जुन्या सवयीने चालूच होती. खरी मेख तिथे होती. सेमाग्लुटाइड रक्तात साखर वाढलेली असेल तेव्हाच इन्सुलिन वाढवतं, त्यामुळे एकट्याने ते साखर सहसा फार खाली नेत नाही. ग्लिमेपिराइडला तसली पोच नाही. तुम्ही जेवा, न जेवा, ते इन्सुलिनसाठी स्वादुपिंडाला ढोसत राहतं. पूर्वी दीड वाजता तीन पोळ्या आणि भात पोटात जायचा म्हणून निभत होतं. गोळ्या बदलणं आहारतज्ज्ञाचं काम नाही. तिथूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी ग्लिमेपिराइड बंद केली आणि आठवडाभर दिवसातून दोनदा साखर तपासायला सांगितली.

आता डबा. चार कप्प्यांचा स्टीलचा, वर कापडी पिशवी. त्यांना खायला लावण्याआधीच प्रत्येक कप्पा काट्यावर ठेवला होता. घरून काय भरलं होतं ते पत्नीला तोंडपाठ: तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, वरण-भात, काकडीची कोशिंबीर. कोशिंबिरीचा कप्पा चाटूनपुसून रिकामा. पोळ्या अडीच शिल्लक. भाजी दोन घास कमी. वरण-भाताचं झाकण उघडलेलंच नव्हतं. भातावर वाफेचं पाणी जमून तो चिकट झालेला.

बेरीज मांडली. डबा पूर्ण खाल्ला असता तर पोळ्यांतून ९ ग्रॅम प्रथिनं, वरणातून ४, भातातून साडेतीन, भाजी-कोशिंबिरीतून तीन-साडेतीन, मिळून साधारण २०. ऑफिसात पोटात गेलेली चारसुद्धा नव्हती. आपल्या रोजच्या पोळी-भाजी-वरण-भातात प्रथिनं असतात ती ढिगात विखुरलेली. पातळ वरणाची वाटी म्हणजे बरंचसं पाणीच. ढीग संपवणाऱ्याला ती आपसूक मिळतात, कुणी मोजत बसत नाही. ढीग पाव झाला की तीही पाव होतात. म्हणून "डबा अर्धाच देत जा" हा सल्ला, जो या इंजेक्शनांवरच्या जवळपास प्रत्येकाला घरचे-दारचे देतात, तो मला मान्य नाही. डबा लहान करायचा नसतो, नव्याने जुळवायचा असतो.

शिवाय घटलेलं वजन म्हणजे निव्वळ चरबी नव्हे. या औषधांवर कमी झालेल्या वजनातला चौथा हिस्सा, कधी त्याहून जास्त, चरबीखेरीज इतर ऊतींचा असतो, त्यात स्नायूही आले. जिना चढताना मांड्या भरून येतात, असं ते स्वतःच सांगत होते आणि खापर वयावर फोडत होते.

क्रिएटिनिन नॉर्मल आहे ना, ते आधी पाहून घेतलं. नऊ वर्षांच्या मधुमेहात मूत्रपिंडाकडे न बघता प्रथिनं वाढवायची नाहीत. उंची १७० सेंटिमीटर. दिवसाला ७५ ग्रॅम प्रथिनं ठरवली: नाश्त्याला २०, रात्री २५, आणि दुपारच्या डब्यातून ३०. पण ही ३० एका बैठकीत नाहीत. भरलेलं जठर चार तासांनीही भरलेलं वाटणाऱ्या माणसाला एका वेळी ३०० ग्रॅमच्या वर अन्न देऊ नये. म्हणून दोन डबे: एक वाजता मोठा, साडेचारला लहान. वेळ मोबाइलच्या गजराने पाळायची, कारण भूक आठवण करून देणार नाही.

आठवडाही सपाट धरून चालत नाही. ते शुक्रवारी रात्री इंजेक्शन घेतात. औषधाची रक्तातली पातळी पुढच्या एक ते तीन दिवसांत सगळ्यात वर जाते, आणि मळमळ बहुतेकांना तेव्हाच छळते. म्हणजे शनिवार-रविवार घरी जातो, सोमवारी शेपूट उरतं, गुरुवारपर्यंत थोडी भूक परत येते. डबा त्याच चढाने लावला.

सोमवारी मुगाच्या डाळीची आसट खिचडी, पण प्रमाण उलटं: डाळ ३० ग्रॅम, तांदूळ १५. तूप अर्धा चमचा, जिरं, हिंग, आलं. सोबत ८० ग्रॅम चक्का, मीठ-जिरेपूड घालून; साधारण २०० ग्रॅम दही रात्रभर टांगलं की एवढा निघतो. मिळून १४ ग्रॅम प्रथिनं. मंगळवारी भिजवलेल्या मुगाचं धिरडं, कोरडे मूग ४० ग्रॅम, आत ४० ग्रॅम किसलेलं पनीर: १६ ग्रॅम. बुधवारी दोन अंड्यांची भुर्जी आणि एक फुलका. गुरुवारी मटकीची उसळ, कोरडी मटकी ४० ग्रॅम, अर्धी ज्वारीची भाकरी, वाटीभर दही. मटकी मोड आणून मऊ शिजलेलीच हवी. करकरीत उसळ संथ जठरात संध्याकाळपर्यंत गॅस करते. त्यावर फरसाण नाही. त्यांनी विचारलं होतं म्हणून लिहितेय.

शुक्रवारी मासे हवेत असा त्यांचा हट्ट. माझी हरकत पौष्टिकतेवर नव्हती. सुरमईच्या ८० ग्रॅमच्या बिनकाट्याच्या तुकडीत १६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, डब्याला याहून सुटसुटीत काय? अडचण वासाची. या औषधांवर वासाने पोट ढवळतं, आणि ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेला मासा स्वतःलाच नको होतो (शेजारच्या टेबलांचं तर सोडाच). गार किंवा कोमट अन्नाला वास कमी येतो. म्हणून तुकडी हळद, मीठ, कोकम लावून तव्यावर चमचाभर तेलात भाजायची, बर्फाच्या पिशवीसकट छोट्या थर्मल पिशवीत द्यायची आणि गरम न करताच दोन-तीन चमचे भाताबरोबर खायची. डबा थंड ठेवायची सोय नसेल तर मासा रात्रीच्या जेवणात. दुपारपर्यंत कोमट राहिलेल्या माशाची जोखीम आधीच मळमळणाऱ्याने घेऊ नये.

साडेचारचा डबा सोपा: उकडलेलं अंडं आणि मूठभर फुटाणे, म्हणजे ३० ग्रॅम, मंगळवारी आणि चतुर्थीला अंड्याऐवजी ६० ग्रॅम पनीर. दोन्हींत १२ ते १६ ग्रॅम प्रथिनं निघतात.

खाण्याचा क्रम पत्नीला दोनदा सांगावा लागला, कारण तो सवयीच्या उलट आहे. आधी अंडं, डाळ, पनीर, मासा. मग भाजी. पोळी-भात त्यानंतर, राहिला तर राहू दे. कोशिंबीर सगळ्यांत मागे. ते डबा उघडून पहिल्यांदा गारेगार कोशिंबीर खात होते. चवीला तीच बरी लागायची आणि पथ्यही पाळल्यासारखं वाटायचं. काकडीच्या पाण्याने पोट भरलं की पुढचे कप्पे बंद. घास लहान, जेवण वीस मिनिटांचं. पोट भरल्याची पहिली खूण मिळाली की चमचा खाली. उचकी किंवा एकदम मोठा श्वास, ही खूण पुष्कळांना येते. त्यानंतर "एवढं संपवूनच टाकतो" म्हणत घेतलेले तीन घास अर्ध्या तासात उलटून पडतात.

तेलाचा हिशेब वेगळा करावा लागला. त्यांच्या घरी भाजीला पळीभर फोडणी असते. स्निग्ध अन्न जठरात तसंही रेंगाळतं, त्यात हे औषध. मग रात्री कुजक्या अंड्यासारख्या वासाचे ढेकर आणि जळजळ. पूर्ण डब्याला एक चहाचा चमचा तेल, म्हणजे ५ मिलिलिटर, एवढ्यावर आणलं.

पाणी जेवताना नको, आधी-नंतर अर्धा तास सोडून. दिवसभरात दोन ते सव्वादोन लिटर, घोट घोट. भूक गेली की तहानही कमी जाणवते आणि पाठोपाठ बद्धकोष्ठ. ते त्यावर रात्री दोन चमचे इसबगोल अर्ध्या कप पाण्यात घेत होते. एवढ्याशा पाण्यात इसबगोलचा गोळा होतो आणि चोंदलेलं आणखी चोंदतं. एक चमचा, मोठा पेलाभर पाणी, वर आणखी एक पेला. नाहीतर घेऊच नका.

पत्नीचा शेवटचा प्रश्न संकष्टीचा. "उपास आता ह्यांना काही जड जात नाही," त्या कौतुकाने म्हणाल्या. जड जात नाही हेच तर धोक्याचं. चंद्रोदयापर्यंत पोट रिकामं आणि सकाळी ग्लिमेपिराइड, हा प्रकार गेल्या महिन्यात घडूनही गेला होता. त्या संध्याकाळी त्यांना "जरा गरगरलं" होतं. गोळी बंद झाली तरी अख्खा दिवस कोरडा काढायचा नाही. साबुदाण्याची खिचडी म्हणजे पिष्ट, तूप आणि जडपणा. वाटीभर खाऊन प्रथिनं मिळतात ती दाण्याच्या कुटातून, जेमतेम. त्याऐवजी दुपारी पनीर, दही आणि राजगिऱ्याची छोटी भाकरी, उपासाला तिन्ही चालतात.

दोघांच्या फोनमध्ये एक गोष्ट मात्र मोठ्या अक्षरांत लिहून दिली: पोटात वरच्या बाजूला जोराची, पाठीत जाणारी, न थांबणारी कळ, किंवा पाणीही न ठरणाऱ्या उलट्या झाल्या तर डबा-आहार काही बघायचं नाही, थेट रुग्णालय. स्वादुपिंडाची सूज आणि पित्ताचे खडे या दोन्हींची शक्यता या औषधांबरोबर सांगितलेली आहे.

तीन आठवड्यांनी पत्नीने मोबाइलवर परत आलेल्या डब्याचा फोटो पाठवला. धिरडं संपलेलं. पनीरचा कप्पा रिकामा. कोशिंबीर मात्र जशीच्या तशी, वर कोथिंबीरसुद्धा हललेली नाही. खाली लिहिलं होतं, "आता हिचं काय करू?"

दोन चमचेच भरा, असं कळवलं. आणि आठवड्यातून दोनदा धिरड्याच्या पिठात पालक चिरून घाला.